इस्पितळाची डागडुजी आणि उसना गारवा

घराची डागडुजी काढली म्हणजे आपण चार दिवस नातलगांकडे जाऊन राहतों. इस्पितळाला तशी सोय नाहीं. गच्चीवरील जुनें शीतयंत्र उतरवून नवें बसविण्यास कित्येक आठवडे लागतात; तेवढ्या काळांत शस्त्रक्रिया थांबत नाहींत आणि अपुऱ्या दिवसांचीं बालकें जन्मास यावयाचीं राहत नाहींत. अशा वेळीं आवारांत मोटारगाडीवर चढविलेलें एक भाड्याचें यंत्र येऊन उभें राहतें आणि जाड रबरी नळ्यांतून थंड पाणी इमारतींत पाठवूं लागतें. रस्त्यानें जाणाऱ्याला वाटतें, विजेचें कांहीं काम चाललें असेल.

हा गारवा मोजतात कसा तें प्रथम पाहूं. आपल्या घरांतील यंत्र ‘दीड टनी’ असतें. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी बाहेर काढण्याची शक्ति म्हणजे एक टन. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड गोळी लागून वॉशिंग्टनच्या उन्हाळ्यांत अंथरुणाला खिळले होते, तेव्हां नौदलाच्या अभियंत्यांनीं बर्फाच्या पाण्यानें भिजविलेल्या कापडांमधून पंख्यानें हवा खेळवून त्यांची खोली गार ठेवली. दोन महिन्यांत सुमारें पांच लाख पौंड बर्फ खर्ची पडला. हिशेब केला तर दिवसाला चार टनांच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या घरगुती तीन यंत्रांचें काम! मोठ्या इस्पितळाची गरज मात्र शेंकडों टनांची असते.

मग बाजारांतून अशीं शंभर घरगुती यंत्रें आणून भिंतींवर कां टांगूं नयेत? हा प्रश्न सयुक्तिक आहे, पण त्याचें उत्तर केवळ खर्चांत नाहीं. घरांतील यंत्र खोलींतील तीच हवा पुनःपुन्हा गार करतें. शस्त्रक्रियागृहाला हें चालत नाहीं. अमेरिकेंतील ‘ॲशरे’ या अभियंत्यांच्या संस्थेच्या १७० क्रमांकाच्या मानकाप्रमाणें तेथें तापमान २० ते २४ अंश आणि आर्द्रता २० ते ६० टक्के असावी लागते. तासाला निदान २० वेळां खोलीभर हवा खेळली पाहिजे, आणि त्यांपैकीं ४ वेळांची हवा बाहेरची, ताजी असली पाहिजे. शिवाय शस्त्रक्रियागृहांतील हवेचा दाब बाहेरील वाटेपेक्षां अधिक ठेवतात, म्हणजे दार उघडलें तरी बाहेरची धूळ आंत शिरत नाहीं. क्षयरोग्याच्या खोलींत याच्या उलट. उसन्या यंत्राला हा सारा तोल सांभाळावा लागतो.

त्यांतहि आपल्याकडे खरी परीक्षा घेतो तो पावसाळा. मुंबईच्या जुलैंतील हवा पाण्यानें ओथंबलेली असते. ती कोरडी करावयाची तर दवबिंदूच्याहि खालीं नेऊन तिच्यांतील पाणी गाळून घ्यावें लागतें. त्यासाठीं नळ्यांतून येणारें पाणी सुमारें ७ अंशांचें हवें. यंत्र तोकडें पडून तें १२ अंशांवर गेलें, तर तापमापक पाहून कोणास कांहींच कळत नाहीं. हवा गारच असते, पण ओली. मग छताच्या जाळीवर दंव धरूं लागतें, आणि जाळीखालीं टेबलावर रोगी उघड्या जखमेनें निजलेला असतो. अशा कामाची देखरेख करणाऱ्यानें आर्द्रतामापकावरची दृष्टि हलवूं नये, असें माझें मत आहे. गंमत अशी कीं, कोरडी झालेली हवा फारच थंड असते, म्हणून ती आंत सोडण्यापूर्वीं किंचित् ऊन करावी लागते. ऊब ही केवळ हिमप्रदेशाचीच गरज आहे असें नाहीं.

वाफेचा बॉयलर दुरुस्तीस काढला तर प्रश्न आणखी वाढतात. शस्त्रें निर्जंतुक करणाऱ्या पात्रांना १३४ अंशांची वाफ लागते. ती बंद झाली कीं त्या दिवसाच्या शस्त्रक्रियाहि बंद. अंघोळीच्या पाण्याचें प्रकरण तर सर्वांत फसवें. १९७६ सालीं फिलाडेल्फिया येथें ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संस्थेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियासारख्या रोगानें कित्येकांचा बळी घेतला. त्याच्या जंतूला पुढें ‘लीजनेला’ हें नांव मिळालें. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यांत हा जंतु सुखानें वाढतो, आणि डागडुजींत तोडून ठेवलेल्या नळाच्या तुकड्यांत नेमकें तसेंच पाणी साचतें. तेव्हां उसना बॉयलर पाणी ६० अंशांपर्यंत तापवितो कीं नाहीं, आणि असे मुके तुकडे काढून टाकले आहेत कीं नाहींत, हें पाहिलेंच पाहिजे.

धुळीचेंहि तसेंच. भिंती पाडतांना बुरशीचे सूक्ष्म बीजाणू उडतात. निरोग्याला त्यांचा उपद्रव नसतो, पण रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्याच्या फुप्फुसांत ते प्राणघातक ठरतात. म्हणून उसन्या यंत्रणेचें हवा ओढणारें तोंड पाडापाडीपासून आणि जनरेटरच्या धुरापासून दूर ठेवतात. आणि एम्. आर्. आय्. यंत्र विसरून चालत नाहीं. त्यांतील चुंबक बहुधा उणें २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्यें बुडविलेला असतो. त्याच्या शीतयंत्रालाहि थंड पाणी लागतें. तें थांबलें कीं महागमोलाचा हेलियम उकळून उडूं लागतो.

एका मोठ्या यंत्राऐवजीं दोन-तीन लहान यंत्रें आणणें शहाणपणाचें, कारण एक बंद पडलें तरी बाकीचीं ओढून नेतात. जुनें यंत्र थांबविण्यापूर्वीं उसनें कांहीं दिवस पूर्ण भारावर चालवून पाहतात. जोडणीच्या तोट्या मुख्य नळांवर आधींच बसविलेल्या असतात. नवें यंत्र सुरू होऊन मोटारगाडी निघून गेली तरी त्या काढावयाच्या नसतात; टोपणें घालून, वर चिठ्ठी बांधून, तशाच ठेवावयाच्या असतात.