घास अडकतो, की मूल नखरे करते?

शाळेतून डबा अर्धा परत येतो. एक पोळी संपायला पाऊण तास लागतो, प्रत्येक घासावर पाणी लागते. चिकन, सुकी भाकरी नको. वरण-भात मात्र चालतो. अंधेरी-बोरिवली असो वा मुलुंड-घाटकोपर, अशा मुलाला घरात ‘नखरेल’ ठरवले जाते. उलट्या होत असतील तर ‘ॲसिडिटी’चे औषध सुरू होते. बहुतेक मुलांना खरोखरच काही झालेले नसते. काहींच्या अन्ननलिकेला मात्र ॲलर्जीची सूज असते. या आजाराला ‘इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस’ म्हणतात.

इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात ती जवळपास आढळत नाही. दूध, गहू, अंडी, सोया अशा पदार्थांना शरीर चुकीचा प्रतिसाद देऊ लागले की या पेशी तिथे गोळा होतात. १९९५ मध्ये अमेरिकेत अशा १० मुलांना केवळ अमिनो आम्लांवर आधारित आहार दिला गेला. त्यातील ८ जणांचा त्रास थांबला, दोघांचा कमी झाला. दोष अन्नातल्या प्रथिनांचा, हे त्यातून दिसले. दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी असलेल्या मुलांत हा आजार अधिक आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त.

रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीने त्याचे निदान होत नाही. त्यासाठी एंडोस्कोपीच लागते. मुलाला भूल देऊन तोंडावाटे बारीक, लवचिक दुर्बीण आत सोडतात. अस्तरावर उभ्या चिरा, गोल वळ्या किंवा पांढरे ठिपके दिसू शकतात. कधी अन्ननलिका अगदी नेहमीसारखी दिसते. म्हणूनच वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान सहा सूक्ष्म तुकडे घेतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल दिसले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर निदान पक्के होते. पालकांना धास्ती वाटते ती तुकड्यांची. पण ते घेताना मुलाला वेदना होत नाहीत.

उपचारांत आम्ल कमी करणारी औषधे, गिळायचे स्टेरॉइड किंवा ठरावीक पदार्थ वर्ज्य करणे, हे मार्ग आहेत. मूल बरे दिसले तरी सूज आत राहू शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करावी लागते. दुर्लक्ष झाल्यास वर्षांनुवर्षांत अन्ननलिका अरुंद होते.

पालकांनी स्वतःहून दूध-गहू बंद करू नये. त्याने वाढ खुंटते आणि निदानही अवघड होते. आम्ल कमी करणारे औषध चालू असेल, तर एंडोस्कोपीपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगावे. वजन वाढत नसेल, घास वारंवार अडकत असेल, तर मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे. घास अडकून लाळही गिळता येत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावे.