मनीसाठी कोंबडीचं हृदय

चिकनच्या दुकानात कलेजी-पेठ्याच्या ढिगात बोराएवढी हृदयं पडलेली असतात. छातीच्या मांसापेक्षा स्वस्त. पण मांजरासाठी तीच मोलाची! त्यांत टॉरिन भरपूर असतं आणि मांजराच्या शरीराला ते पुरेसं बनवता येत नाही. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं.

 

मात्र स्वस्त मिळते म्हणून रोज कलेजीच घातली, तर अ जीवनसत्त्व साचून मांजराच्या मानेचे मणके जखडतात. नुसत्या मांसात कॅल्शियमही तोकडं. आणि फ्रीझरमध्ये कच्च्या मांसातला साल्मोनेला जिवाणू मरतोच असं नाही, गारठून पडून राहतो. म्हणून मांजराची वाटी विसळणाऱ्याने हात साबणाने धुवावेत.