काशीचे पंडित आणि मेंडेलीव्हच्या रिकाम्या जागा

वाराणसीच्या संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाची जुनी इमारत लांबून पाहिली तर इंग्लंडातलं एखादं चर्च वाटावं. टोकदार कमानी, उंच खिडक्या आणि आत पाणिनी. मार्कम किट्टो या लष्करी अधिकाऱ्याने आखलेली ही वास्तू 1852 मध्ये पुरी झाली. तेव्हा ते बनारसचं सरकारी संस्कृत कॉलेज होतं. जोनाथन डंकन या ब्रिटिश रेसिडेंटने 1791 मध्ये ते सुरू केलं होतं. 1846 पासून प्राचार्यपदी होते जेम्स बॅलंटाइन. गणित आणि ज्योतिष शिकवायला 1842 पासून बापूदेवशास्त्री होते. मराठी घरातले, आडनाव परांजपे. विठ्ठलशास्त्री या पंडितांनी बेकनच्या ‘नोव्हम ऑर्गनम’चं संस्कृत विवरण केलं, तेही इथेच आणि त्याच 1852 साली. त्याच वर्षी बॅलंटाइनसाहेबांनी मिर्झापूरला एक पुस्तक छापून घेतलं. त्यात पाश्चात्त्य विज्ञानाचा सारांश संस्कृत आणि इंग्रजीत, न्यायदर्शनाशी मेळ घालून मांडला होता.

या खटाटोपात रसायनशास्त्र आलं आणि मूलद्रव्यांना संस्कृत नावं देण्याची वेळ आली. ऑक्सिजन झाला ‘प्राणप्रद’, हायड्रोजन ‘जलकर’ आणि नायट्रोजन ‘जीवान्तक’. नावं झोकदार आहेत, पण प्रत्येक नाव आपापल्या जागी एकटं आहे. ‘जलकर’ म्हटल्याने त्याचा ‘जीवान्तका’शी काय संबंध, ते कळत नाही. दोष पंडितांचा नव्हता. तेव्हा युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांकडेही साठेक मूलद्रव्यांची नुसती यादी होती. कुणी वाण्याच्या दुकानातल्या डब्यांसारखी ती मांडून ठेवावी, तशी.

आपल्याकडच्या रसशास्त्राची मांडणीही वागणुकीवरूनच होती. ‘रसरत्नसमुच्चया’त सोनं, चांदी, तांबं, लोखंड हे शुद्ध लोह, शिसं आणि कथील हे पूतिलोह, पितळ, कांसं आणि वर्तलोह हे मिश्रलोह. कामाला ही विभागणी चोख आहे. औषधी भस्म करणाऱ्या वैद्याला याहून जास्त लागतही नाही. मात्र शिशाखेरीज आणि कथलाखेरीज तिसरं पूतिलोह असेल का, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

युरोपात क्रम लावायचे प्रयत्न चालूच होते. दहावीच्या पुस्तकातली ती नावं आठवत असतील: डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं. आपण ती पाठ करतो आणि विसरतो. पण काशीच्या नैयायिकापुढे ती ठेवली असती तर? न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष मानतात. व्याख्येने हवं ते सुटलं तर अव्याप्ती, नको ते आत आलं तर अतिव्याप्ती आणि ती कशालाच लागू पडली नाही तर असंभव. 1829 मध्ये डोबेरायनरने दाखवलं की लिथिअम 7, सोडिअम 23, पोटॅशिअम 39, म्हणजे मधल्याचा अणुभार दोन टोकांच्या बरोबर सरासरीइतका. सुंदर, पण बहुतेक मूलद्रव्यं कुठल्याच त्रिकात बसेनात. अव्याप्ती. न्यूलँड्सने 1865 मध्ये अणुभारांच्या चढत्या क्रमात दर आठव्याला गुणधर्म परततात, असं सांगितलं. कॅल्शिअमपर्यंत गाडी झकास चालली. पुढे कोबाल्ट आणि निकेल हे धातू थेट क्लोरीनच्या रांगेत जाऊन बसले. अतिव्याप्ती. 1866 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत कॅरी फॉस्टरने त्याला विचारलं, की नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे मूलद्रव्यं लावून पाहिलीत का? सभेत हशा पिकवायला प्रश्न ठीक होता; पण न्यूलँड्सचं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. त्याने सगळ्या खुर्च्या भरून टाकल्या. अजून न आलेल्या पाहुण्यासाठी एकही मोकळी ठेवली नाही.

मुळात अणुभारांवरच एकमत नव्हतं. सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि शेवटी इटलीच्या कानिझारोची पत्रिका वाटण्यात आली. अणुभार कसे काढायचे, याचा त्यात उलगडा होता. परिषदेला आलेल्या तरुणांत लोथर मायर आणि मेंडेलीव्ह हे दोघेही होते. पुढच्या दशकात दोघांनीही स्वतंत्रपणे आवर्ती क्रम शोधला. श्रेय मेंडेलीव्हच्या पदरी जास्त पडलं, आणि माझ्या मते ते रास्तच आहे.

फेब्रुवारी 1869. सेंट पीटर्सबर्गला मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता आणि कुठल्या मूलद्रव्यानंतर कुठलं घ्यायचं, या पेचात अडकला होता. त्या महिन्यात एके दिवशी खरं तर त्याला चीज बनवणाऱ्या सहकारी डेअऱ्यांची पाहणी करायला जायचं होतं. त्यासंबंधीच्याच पत्राच्या पाठीवर त्याने अणुभारांची गणितं खरडली. ते पत्र अजून जपलेलं आहे, त्यावर कपाच्या बुडाचा गोल डाग आहे. त्या दिवसाअखेर 63 मूलद्रव्यांचा तक्ता तयार होता, आणि त्यात प्रश्नचिन्हं होती.

त्या प्रश्नचिन्हांना पुढच्या लेखांत नावं मिळाली: एका-बोरॉन, एका-अ‍ॅल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. मराठी मुलं परीक्षेत ही नावं लिहितात, पण हा ‘एका’ म्हणजे आपला संस्कृतातला ‘एक’ आहे, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. अ‍ॅल्युमिनिअमच्या खालचं पहिलं घर म्हणजे एका-अ‍ॅल्युमिनिअम. दोन घरं खाली असेल तर ‘द्वि’. मेंडेलीव्हने दिलेलं कारण अगदी व्यवहारी होतं: न सापडलेल्या पदार्थांना नवी नावं कशाला ठेवायची, शेजाऱ्यावरून ओळखू.

1875 मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रांला पिरेनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात दोन अनोळखी जांभळ्या रेषा दिसल्या. त्याने धातूला नाव दिलं गॅलिअम आणि घनता सांगितली 4.7. मेंडेलीव्हने पीटर्सबर्गहून कळवलं की हे माझं एका-अ‍ॅल्युमिनिअम आहे आणि घनता 5.9 च्या आसपास हवी, नमुना नीट शुद्ध करा. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याने शोधणाऱ्याला सांगावं की तुमचं माप चुकतंय! लकॉकने पुन्हा शुद्ध करून मोजलं. 5.9 आली. हा धातू 30 अंशांच्या जरा आतच वितळतो. वाराणसीच्या मे महिन्यात तो बाटलीतही घट्ट राहायचा नाही. 1879 मध्ये एका-बोरॉन सापडलं स्कँडिअम म्हणून, 1886 मध्ये एका-सिलिकॉन जर्मेनिअम म्हणून. जर्मेनिअमचा अंदाजित अणुभार 72, शोधणाऱ्या विंकलरने मोजलेला 72.3.

आता ‘एक’ आणि ‘द्वि’ पाहिले की आपल्याकडे छाती फुगते: आवर्तसारणी पाणिनीवरून घेतली! यामागे गंभीर अभ्यासकही आहेत. भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की आणि रसायनशास्त्रज्ञ अभीक घोष यांनी 2019 मध्ये ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये संस्कृत वर्णांची मांडणी आणि आवर्तसारणी यांतलं साम्य उलगडून दाखवलं. पीटर्सबर्गला तेव्हा ओटो ब्योटलिंक होता. त्याने 1839-40 मध्ये पाणिनीची अष्टाध्यायी संपादित केली होती आणि रोट या संस्कृतज्ञाबरोबर अवाढव्य संस्कृत कोश चालवला होता. 1868 मध्ये तो येनाला गेला. त्याआधी काही वर्षं तो आणि मेंडेलीव्ह एकाच शहरात होते.

साम्य मलाही भुरळ घालतं. अंकलिपीतली वर्णमाला पाहा: आडव्या रांगेत उच्चाराचं स्थान, उभ्या रांगेत उच्चाराची रीत. आणि ङ, ञ यांनी सुरू होणारा शब्द मराठीत नाही, चित्राच्या जागी पंचाईत होते, तरी त्यांची घरं कुणी काढली नाहीत. कारण मांडणी ती घरं मागते. पण साम्य म्हणजे उगम नव्हे. मेंडेलीव्हच्या हातात होते ते अणुभार आणि संयुजा, आणि लोथर मायर संस्कृताच्या आधाराशिवाय जवळपास तिथेच पोहोचला होता. उपसर्ग संस्कृताचे आहेत, एवढं पुष्कळ आहे. त्यावर इमले चढवायची गरज नाही.

काशीच्या वैयाकरणाची खरी आठवण येते ती दुसऱ्या जागी. नागेशभट्ट, आडनाव काळे, अठराव्या शतकात काशीत राहून ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहून गेले. दोन नियम एकाच जागी भांडले तर बलवान कोणता, याची त्यात कसून चर्चा आहे. मेंडेलीव्हपुढे नेमका तसाच तंटा आला. टेल्युरिअमचा अणुभार आयोडीनहून जास्त, म्हणजे वजनाच्या नियमाने आयोडीन आधी. गुणधर्मांच्या नियमाने मात्र टेल्युरिअम आधी. त्याने गुणधर्माला बलवान ठरवलं आणि टेल्युरिअमचं वजन चुकीचं मोजलंय, असं ठोकून दिलं. निकाल बरोबर, कारण साफ चूक. वजन ठीकच होतं. 1913 मध्ये हेन्री मोस्लीने क्ष-किरणांनी दाखवलं की क्रम ठरतो तो केंद्रकावरच्या प्रभारावरून: टेल्युरिअम 52, आयोडीन 53. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय 27.

मेंडेलीव्हचे सगळेच अंदाज फळले नाहीत. हायड्रोजनहून हलकी मूलद्रव्यं असल्याचं तो उतारवयात सांगत राहिला आणि ती कधीच सापडली नाहीत. द्वि-मँगनीज मात्र 1925 मध्ये रेनिअम म्हणून हाती आलं आणि एका-मँगनीज 1937 मध्ये टेक्नेशिअम म्हणून. 2016 मध्ये शेवटच्या चार नावांवर शिक्कामोर्तब झालं आणि 118 पर्यंतची सगळी घरं भरली. 119 चा शोध जपानच्या रिकेन संस्थेत चालू आहे. अधिकृत कागदावर त्याचं तात्पुरतं नाव लॅटिन-ग्रीक वळणाचं, ‘उनउनएनिअम’ असं आहे. त्याला एका-फ्रान्सिअमही म्हणतात.