वारंगा फाट्यावरून कॉलेजला निघालेल्यांनो, लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा

बारावीनंतर आपल्या फाट्यावरची बरीच मुलं नांदेडची गाडी धरतात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, 'बजेट किती?' खरं तर आधी शाखा सांगायला हवी.

बी.कॉम., बी.ए.ला ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप भरपूर झाला. टॅली, एक्सेल त्यावर आरामात चालतं. मेडिकलवाल्यांनी वजन आणि बॅटरी बघावी, बाकी सगळं दुय्यम.

खरा विचार करायचा तो इंजिनिअरिंगला. कॉम्प्युटर शाखेला महागडं ग्राफिक्स कार्ड लागतंच असं नाही. १६ जीबी रॅम आणि चांगला प्रोसेसर घ्या. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरला मात्र थ्रीडी कामासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं. आणि सॉलिडवर्क्स, रेव्हिट ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेली आहेत, त्यामुळे इथे मॅकबुकचा मोह टाळा.

रॅम नंतर वाढवता येते का, हे दुकानदाराला नक्की विचारा. काही मॉडेलमध्ये ती बोर्डालाच पक्की जोडलेली असते.

जुना घेताय? विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचाच बघा, म्हणजे विंडोज ११ रीतसर चालेल. सोयाबीनच्या पैशातून घेतलेली वस्तू चार वर्षं टिकलीच पाहिजे.

शाखा आणि बजेट कमेंटमध्ये टाका, मी नक्की सांगतो.