कासवांचे गाव हलवायचे म्हणजे...

घर पाठीवर घेऊन हिंडणारा प्राणी कोणता, असे विचारले तर पहिलीतले मूलही कासवाचे नाव सांगेल. मग अशा प्राण्याचे बिऱ्हाड हलवणे किती सोपे! पेटीत भरावे, गाडीत ठेवावे आणि नव्या जागी सोडून द्यावे. तुम्हांलाही असेच वाटत असेल, तर फ्रान्समधल्या 'कासवांच्या गावा'ची हकीकत पाहा.

दक्षिण फ्रान्सच्या वार जिल्ह्यात गोनफारों नावाचे खेडे आहे. (तेथे पूर्वी एक गाढव उडाले होते, अशी दंतकथा आहे. आपल्याला मात्र काम आहे ते सावकाश चालणाऱ्या प्राण्याशी.) त्याच्या आसपासच्या झुडपी रानात हेरमान कासव राहते. ते जेमतेम वीतभर लांबीचे असते आणि फ्रान्सच्या मुख्य भूमीवर आता याच जिल्ह्यात रानटी अवस्थेत उरले आहे. वणवे, वाढती घरे आणि पाळण्यासाठी कासवे उचलून नेणारी माणसे यांनी त्याची ही दशा केली. त्याच्या रक्षणासाठी बेर्नार दव्हो यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये गोनफारों येथे एक संवर्धन केंद्र सुरू झाले. तेच 'कासवांचे गाव'. जवळजवळ तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, हे केंद्र तेथून सुमारे दहा किलोमीटरवरच्या कार्नूल येथे हलवण्यात आले.

दहा किलोमीटर म्हणजे सायकलने तासाभराची वाट. मग अडचण कसली?

पहिली अडचण कॅलेंडरची. कासव आपल्यासारखे शरीराचे तापमान कायम राखू शकत नाही. थंडी पडली की ते जमिनीत शिरून शीतनिद्रा घेते आणि साठवलेल्या शक्तीवर अगदी काटकसरीने जगते. त्या काळात त्याला उठवून हलवले, तर ही शिल्लक अवेळी खर्च होते. मे-जूनमध्ये माद्या अंडी घालतात. तेव्हाही त्यांची हलवाहलव नको. शरद ऋतूत नेले, तर नव्या जागेची ओळख होण्याआधीच हिवाळा येऊन ठेपतो. म्हणजे सोयीचे दिवस उरले ते झोपेतून जागे झाल्यानंतरचे थोडेसे.

अंड्यांची गोष्ट याहून नाजूक. कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा फिरवते हे तुम्ही पाहिले असेल. अंडे फोडल्यावर बलकाच्या दोन्ही बाजूंना पांढरे, पीळदार धागे दिसतात. ते बलकाला मधोमध तोलून धरतात. कासवाच्या अंड्यात हे धागे नसतात. घातल्यानंतर साधारण एका दिवसात त्यातला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला चिकटतो. यानंतर अंडे उलटे झाले तर गर्भ दगावू शकतो. म्हणून अंडी हलवणारी माणसे वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ठेवतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून समुद्री कासवांची अंडी कुंपणाआड सुरक्षित खड्ड्यात हलवतात. तेथेही काम लवकर आणि हलक्या हाताने करावे लागते ते याच कारणाने.

शिवाय पिल्लू नर होणार की मादी हे ठरवते मातीची ऊब! १९७०च्या सुमारास क्लोद प्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने कासवांमधील ही गोष्ट दाखवून दिली. हेरमान कासवाची अंडी सुमारे ३१·५ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात उबली तर बहुतेक नर होतात, त्याहून जास्त तापमानात माद्या. आता समजा, नव्या केंद्रात अंडी घालण्याचा उतार झाडांच्या सावलीत आला. काही वर्षांनी तेथे नरच नर दिसू लागतील. म्हणजे जागा पाहताना नुसते क्षेत्रफळ मोजून भागत नाही. ऊन कोणत्या बाजूने आणि किती वेळ येते हेही मोजावे लागते.

रोगाची भीती तर सर्वांत मोठी. ग्रीक कासव या हेरमानच्या भाऊबंदाच्या शरीरात एक विषाणू काहीही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहू शकतो. तोच हेरमान कासवाला लागला तर बहुधा जीवच घेतो. आपल्याला ताप येऊन गेला की ओठावर फोड उठतात ना, त्याच कुळातला हा विषाणू. प्रवासाच्या ताणाने तो जागा होतो. म्हणून घाईगर्दीत दोन जातींची कासवे एका पेटीत भरणे म्हणजे स्वतःच्या हाताने साथ पसरवणे होय. माझ्या मते अशा केंद्रात कुंपणांपेक्षाही नव्या कासवांना वेगळे ठेवण्याची खोली आधी बांधावी.

आणि कासवाला जुने घर आठवते! इटलीत हेरमान कासवे दूर नेऊन सोडली, तेव्हा ती पूर्वीच्या जागेकडे परत निघाल्याचे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यावर उपाय आहे तो धीराचा. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात गोफर जातीची कासवे नऊ ते बारा महिने कुंपणात ठेवून मग कुंपण काढले. ती लगेच सोडलेल्या कासवांपेक्षा पुष्कळच कमी भटकली. नवी जागा हेच आपले घर, हे त्यांना पटायला तेवढा काळ लागला.

ऑगस्ट २०२१ मध्ये गोनफारोंजवळ वणवा पेटला आणि सुमारे सात हजार हेक्टर रान होरपळले. आग विझल्यावर माणसे राखेत कासवे शोधत फिरली. मातीत खोल शिरलेली काही जिवंत सापडली. ज्यांची कवचे भाजली होती, त्यांना उपचारासाठी कार्नूलला नेले.