नांगर घालण्याआधी

पाऊस ओसरला की ठाणे जिल्ह्यातल्या मलंगगडाच्या पायथ्याचे माळ दुरून हिरवेगार दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, त्या हिरव्यातलं गुरांच्या पोटात जाणारं फार थोडं आहे. गुडघाभर टाकळा, कडेने घाणेरी आणि रानमोडी, मध्येच उघडा मुरूम, उरलेल्या जागेत कुसळी. टाकळ्याला गुरं तोंड लावत नाहीत. कुसळी कोवळी असेतो चालते. एकदा फुलली की तिचं टोकदार बी हिरड्यांत आणि कातडीत रुतून बसतं.

याच जिल्ह्यात वरकस जमिनीवरचं गवत कापून, वाळवून मुंबईच्या तबेल्यांना पाठवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. तिथलंच गुरचरण नापीक झालं, की ग्रामसभेत पहिली सूचना येते ती ट्रॅक्टर घालून चाऱ्याचं नेपियर गवत लावण्याची. ती घाईची आहे. नेपियरला बारमाही पाणी आणि भरपूर खत लागतं. उतारावरची वीतभर माती नांगराने मोकळी केली आणि चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, तर ती माती ओढ्यालाच जाणार.

आधी पाहायचं ते जमिनीत काय शिल्लक आहे. बांबूच्या कांबींची मीटरभर लांबी-रुंदीची चौकट करायची आणि माळाच्या माथ्यावर, मध्यावर, पायथ्याशी टाकत जायची. प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसून आत किती माती उघडी, किती तण आणि कुठलं गवत, ते लिहायचं. खरा शोध पवन्या आणि मारवेलच्या ठोंबांचा असतो. गुरांनी जमिनीलगत ओरबाडलेले हे ठोंब उभ्याने दिसतच नाहीत. दख्खन आणि कोकणातल्या गवताळ माळांची मूळ ओळख हीच बहुवर्षायू गवतं. अतिचराई आणि दरसालचे वणवे यांनी ती मागे हटतात आणि कुसळी पसरते; तिचं बी ओलाव्याने पिळा घेत मातीत शिरतं, त्यामुळे आगीतूनही वाचतं.

चौकटीमागून चौकटीत जिवंत ठोंब सापडले, तर नांगर नकोच. तण बी धरण्याआधी उपटावं, कुसळी फुलण्याआधी कापावी, वणवा रोखावा आणि दोन पावसाळे चराई बंद ठेवावी. ठोंब नसतील तिथेच पहिल्या पावसात मारवेलचं बी, जोडीला नत्र धरणारं स्टायलो, शेणमातीत कालवून टाकावं. घळी असतील तर दगडी बांध त्याच्याही आधी.

अवघड प्रश्न मात्र बंदीच्या काळात गुरं कुठे न्यायची हा. ज्याच्या दावणीला दोनच जनावरं आणि शेत नाही, त्याच्यासाठी गुरचरण हाच चारा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण विळ्याने कापून नेण्याची वाट मोकळी ठेवली. ठाण्यातही माळाचे भाग पाडून एक बंद, एक उघडा ठेवता येतो. भाताचा पेंढा त्या दिवसांसाठी राखता येतो. गुराख्यांना विचारल्याशिवाय घातलेलं कुंपण टिकत नाही.

आणि जमीन हातात असायला हवी. कल्याण-डोंबिवलीच्या वाढीत अशा मोकळ्या जागांवर सगळ्यांचा डोळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारनेही गायरानांबाबत आदेश काढला. ज्या गावांच्या सातबाऱ्यावर अजून गुरचरण आहे, त्यांनी उन्हाळ्यात त्याची मोजणी करून घ्यावी आणि पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत कोणता भाग बंद ठेवायचा, हे गुराख्यांना समोर बसवून ठरवावं.