अडीचशे ओहमचा धाक

नांदेड-लातूरकडे हल्ली घरातल्याच एखाद्या खोलीत भजनं, पोवाडे, शिकवणीचे व्हिडिओ रेकॉर्ड करणारी बरीच तरुण मंडळी दिसतात. माइकनंतरची खरेदी हेडफोनची. तिथे कुणीतरी जाणकार हमखास बजावतो, “अडीचशे ओहमचा घेतोस? मग वेगळा अ‍ॅम्प घ्यावाच लागंल. मोबाइलला झेपत नाही ते.” आणि खर्च आणखी काही हजारांनी वाढतो.

हे ऐकलं की मला क्रिस्टल रेडिओ आठवतो. मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. त्याचं प्रक्षेपक यंत्र जेमतेम दीड किलोवॅटचं. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेलं नांदेड-लातूर त्याच्या टप्प्यापासून फार लांब होतं, पण मुंबईच्या आसपास क्रिस्टल सेटवर कार्यक्रम ऐकता येत. तारेचं वेटोळं, गॅलेनाचा खडा, खड्यावर टेकवलेली बारीक तार आणि कानाला हेडफोन, एवढाच तो सेट. अशा सेटना लागणाऱ्या हेडफोनच्या नुसत्या तारेचा रोध दोन हजार ओहमच्या घरात असे. अ‍ॅम्प्लिफायर नाही, बॅटरीसुद्धा नाही! एरियलवर उतरलेली ऊर्जाच कानातला पडदा हलवायची.

त्या खड्याबद्दल लिहायलाच हवं. गॅलेनाच्या डिटेक्टरच्या पेटंटसाठी जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये अर्ज केला आणि 29 मार्च 1904 रोजी अमेरिकेत ते मंजूर झालं, क्रमांक 755840. अर्धवाहकावर आधारलेल्या साधनाचं हे पहिलं पेटंट मानलं जातं. शोधातून पैसा करणं बोस यांना पटत नसे; भगिनी निवेदिता आणि सारा बुल या स्नेह्यांच्या आग्रहामुळे हा अर्ज झाला. तरीही क्रिस्टल डिटेक्टरचा विषय निघाला की अमेरिकन अभियंता पिकार्ड यांचं 1906 चं सिलिकॉनचं पेटंट आधी सांगितलं जातं. पिकार्ड यांचं काम मोठंच आहे, पण आपल्या मुलांना बोस यांच्या पेटंटची तारीख पाठ असावी असं मला मनापासून वाटतं.

तर दोन हजार ओहमचा हेडफोन बॅटरीविना वाजत होता. मग अडीचशेचं भय कशाला? ठिबक आणि पाटपाणी आठवा. ठिबकला दाब हवा, पाणी थोडंच पुरतं. पाटाला दाब नसला तरी चालतो, पाणी भरपूर लागतं. जास्त इम्पिडन्सचा, म्हणजे जास्त ओहमचा, हेडफोन ठिबकसारखा असतो. त्याला व्होल्टेज जास्त लागतं, करंट अगदी कमी. एक मिलिवॅट शक्ती द्यायची तर 250 ओहमला अर्धा व्होल्ट आणि 2 मिलिअँपिअर लागतात. 32 ओहमला 0.18 व्होल्ट पुरतो, पण करंट साडेपाच मिलिअँपिअरच्या वर जातो.

आता खरे आकडे घेऊ. स्टुडिओत सर्रास दिसणारा बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो, 250 ओहमचा, एका मिलिवॅटला 96 डेसिबल आवाज देतो. फोनच्या जॅकमधून किंवा फोनला जोडायच्या डाँगलमधून एक व्होल्ट मिळाला, तर 4 मिलिवॅट, म्हणजे 102 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तासांसाठी 80 डेसिबलची मर्यादा सांगते, हे लक्षात घ्या. उलट हायफायमॅनचा एचई-6 फक्त 50 ओहमचा, पण संवेदनशीलता एका मिलिवॅटला 83.5 डेसिबल. त्याच 102 डेसिबलसाठी त्याला सुमारे 70 मिलिवॅट लागतात. अ‍ॅम्प हवाच असेल तर तो या 50 ओहमवाल्याला!

म्हणून खोक्यावर ओहमच्या शेजारचा डेसिबलचा आकडा आधी वाचा, आणि तो दर मिलिवॅटला आहे की दर व्होल्टला तेही पाहा. 32 ओहमच्या हेडफोनला या दोन्हींत 15 डेसिबलचा फरक पडतो, आणि जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापला जातो.

अ‍ॅम्प कधीच लागत नाही असं नाही. काही फोन-डाँगल अर्ध्या व्होल्टवरच थांबतात. शिवाय विलंबित ख्यालाची आलापी सिनेगीतापेक्षा फार खालच्या पातळीवर रेकॉर्ड झालेली असते. ती 20 डेसिबल खाली असेल, तर तेवढ्याच मोठ्याने ऐकायला शंभरपट शक्ती लागते. नांदेडच्या संगीत शंकर दरबारसारख्या मैफलींचं रेकॉर्डिंग तपासणाऱ्याला ही जास्तीची ताकद खरोखर उपयोगी पडेल. पण माइकसाठी ऑडिओ इंटरफेस घेतला असेल, तर हेडफोनचा अ‍ॅम्प बहुधा त्यातच असतो. त्याचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असला की झालं. या कसोटीला 250 ओहमचा हेडफोन 32 ओहमवाल्यापेक्षा सहज उतरतो.

तेव्हा हेडफोन आधी घ्या, आहे त्या उपकरणाला लावा आणि तुमचं सर्वांत हळू रेकॉर्डिंग वाजवा. आवाजाची पट्टी पूर्ण वर नेऊनही ते कमी वाटलं, तरच अ‍ॅम्पसाठी खिशात हात घाला.